तेरवी झालेल्या भावाचं प्रदर्शन

१४ सप्टेंबर २००९, सोमवार
ही डायरी बियाणे कंपनीची. जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून रोज लिहायचं. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प: (१) पहाटे पाच किलोमीटर फिरणे. (२) चहात साखर बंद. (३) संताप करायचा नाही.

संकल्प क्रमांक तीन संध्याकाळी साडेपाचला मोडला. दोष माझा नाही.

संग्रहालय समितीची मीटिंग होती. मी मानद अभिरक्षक, अकरा वर्षं झाली. मानद म्हणजे पगार नाही, पण किल्ली माझ्याकडे. ब्रह्मपुरीसारख्या गावात दोन खोल्या, एक व्हरांडा, पटांगण आणि १८३ वस्तू, ही काही छोटी गोष्ट नाही. प्रत्येक वस्तूला नंबर, प्रत्येकीखाली माझ्या हातची चिठ्ठी. भिंतीवर नियमावली, तीही माझीच, फ्रेम करून. नियम सात सगळ्यात कडक: 'एकदा लागलेली वस्तू व तिची चिठ्ठी कोणालाही, खुद्द अभिरक्षकालाही, बदलता, खोडता किंवा काढता येणार नाही.' अध्यक्षांच्या वडिलांनी मारलेल्या वाघाची कवटी आहे. ती बिबट्याची आहे. मी चिठ्ठीवर बिबट लिहिलं. अध्यक्ष चार वर्षं मागे लागले होते, वाघ करा म्हणून. नियम सात दाखवला. संस्था अशा चालतात.

तर आज सचिव रंजीताबाईंनी (कॉलेजात इतिहास शिकवतात, वय तीस, उत्साह गरजेपेक्षा जास्त) ठराव मांडला. १ नोव्हेंबर, रविवार, चंद्रपूरच्या एका आरोग्य संस्थेबरोबर एक दिवसाचं प्रदर्शन आणि गप्पा. विषय: आमच्या या झाडीपट्टीत साडी नेसून नाचणारे पुरुष, तृतीयपंथी, आणि ज्यांचं मन आपल्यासारख्याच माणसात गुंतलं अशी सगळी माणसं, त्यांचा इतिहास. तेही आमच्या संग्रहालयात. धान मोजायच्या पायलीशेजारी.

मी उठून स्पष्ट सांगितलं, आपल्या भागात असले लोक नव्हते आणि नाहीत. अध्यक्ष झोपेतून जागे झाले आणि म्हणाले, "आहेत ना भाऊ, तुमच्याच गावची दंडार होती की." आणि परत झोपले. ठराव पास.

फिरायला: उद्यापासून.

१५ सप्टेंबर
गेलो नाही. पाय दुखत होता.

खरं लिहायचं ठरवलं आहे तर लिहून टाकतो. वस्तू क्रमांक ४७. फोटो, १९६६, आमच्या गावची दंडार. दंडार म्हणजे गावच्या पोरांची नाचगाण्याची मंडळी. बाया नाचत नसत, पोरंच लुगडं नेसून नाचत. मधोमध जो हिरव्या लुगड्यात कमरेवर हात ठेवून उभा आहे तो दसरू. दसऱ्याला जन्मला म्हणून दसरू. माझा धाकटा भाऊ. कैलासवासी.

कैलासवासी हे मी १९७४ साली ठरवलं.

बाकीची पोरं नाच संपला की लुगडं सोडून धोतर नेसत. दसरू सोडत नसे. ७१ च्या मंडईनंतर (मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा) तो नागपूरकडे तसल्या लोकांत गेला. पत्र नाही, काही नाही. मी तीन वर्षं वाट पाहिली. तीन स्थळं त्याच्यापायी मोडली. मुलीकडचे पहिला प्रश्न हाच विचारत, तुमचा तो भाऊ कुठी असते? चौथ्या स्थळाच्या आधी मी गावात सांगितलं, नागपूरहून निरोप आला, पटकीनं गेला. रीतसर तेराव्या दिवसाची तेरवी केली. अख्खं गाव जेवलं. पुढच्या वर्षी कमळाशी लग्न झालं.

यात खोटं काही नाही. तेरवी झाली की माणूस गेला. आणि चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात आहे: 'दसरू दोनाडकर, जन्म १९४६, मृत्यू १९७४.' लेखी पुरावा. कमळाला यातलं काही माहीत नाही. चौतीस वर्षं संसार केला, एकदाही शंका नाही.

हे प्रदर्शन झालं तर म्हातारे कोतारे येतील, फोटो पाहतील, बोलतील. ते कमळापर्यंत जाईल. हे होऊ द्यायचं नाही. एवढंच काम.

४७ नंबर काढता येत नाही (नियम सात). पण कपाटामागे सरकवता येतो. नियमात सरकवणे हा शब्द नाही. सरकवला.

१९ सप्टेंबर
निवडणुकीची आचारसंहिता लागलेली आहे, हे इतर कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. तहसीलला तीन पानी अर्ज दिला: सदर कार्यक्रमामुळे आचारसंहितेचा भंग होण्याची दाट शक्यता. सही, शिक्का, आवक नंबर. पंचायत समितीत पस्तीस वर्षं विस्तार अधिकारी होतो. कागदानं माणूस कसा थांबवायचा हे मला कोणी शिकवू नये.

प्रकरण मिटलं असं समजायला हरकत नाही.

२८ सप्टेंबर, दसरा
कमळानं पुरणाची पोळी केली. दर दसऱ्याला ती एक पान जास्त वाढते आणि झाकून ठेवते. कोणासाठी, विचारलं तर म्हणते, "पितराईसाठी." पितृपक्ष संपून दहा दिवस झाले. बायकांना तिथीचं भान नसतं. संध्याकाळी ते पान मीच खाल्लं.

साखर: सणाचा दिवस, धरायचा नाही.

१ ऑक्टोबर
तहसीलचं उत्तर आलं. दोन ओळी. कार्यक्रम निकालानंतर आहे, उमेदवार कोणी नाही, सबब अर्ज निकाली. खाली कारकुनानं पेनानं लिहिलं आहे: 'कार्यक्रमास शुभेच्छा.'

अशा कारकुनांमुळेच जिल्हा मागे आहे.

६ ऑक्टोबर
 

रंजीताबाईंनी निमंत्रणपत्रिकेचा कच्चा कागद दाखवला. प्रमुख पाहुण्या: दसरूबाई, नागपूर. वय त्रेसष्ट. पूर्वाश्रमीच्या दंडार कलावंत.

नागपुरात दसरू नावाची शेकडो माणसं असतील.

रंजीताबाई म्हणाल्या, इकडच्याच आहेत, गाव सांगत नाहीत. मग कपाटाकडे बघत म्हणाल्या, भाऊ, दंडारीचा एक फोटो होता ना आपल्याकडे, सत्तेचाळीस नंबर? मी म्हणालो, वाळवी. त्या म्हणाल्या, पण रजिस्टरमध्ये वाळवीची नोंद नाही. माझंच रजिस्टर माझ्यावर उलटलं. दुपारी त्यांनी शिपायाकडून कपाट सरकवून फोटो काढला, पुसला, आणि मला दाखवत म्हणाल्या, "हे मधातले किती सुंदर आहेत, नाही?"

मी म्हणालो, "ते वारले आहेत. चिठ्ठी वाचा."

कोर्ट दिल्लीचं. जुलैत तिथं या लोकांच्या बाजूनं निकाल काय लागला, आणि इथं आमच्या कपाटामागे हात घालायला लागले. दिल्ली इथून हजार किलोमीटर. तिथलं सगळं इथं पोचलंच पाहिजे असं कुठं आहे? मला या लोकांचा राग आहे. आज स्वच्छ लिहितो. त्यांनी काय नेसायचं ते त्यांनी नेसावं, पण माझ्या आयुष्यात येऊन नेसू नये.

१२ ऑक्टोबर
झोप लागली नाही, पण फायदा झाला. योजना तयार. कागद सरकारला कळत नसेल तर जनतेला कळेल. जाहीर निषेधाचं पत्रक. मजकूर स्वतः लिहिला:

'जाहीर निषेध! १ नोव्हेंबर रोजी संग्रहालयाच्या पटांगणात पुरुषांनी साडी नेसून नाचण्याचा इतिहास दाखवला जाणार! नागपूरहून दसरूबाई येणार! संस्कृतीप्रेमींनो, हे तुम्ही उघड्या डोळ्यांनी पाहणार काय? सकाळी अकरा वाजता एकत्र या!'

एकत्र येतील, घोषणा देतील, पाहुणे गाडीतूनच परत. माझं नाव खाली नाही. 'एक संस्कृतीप्रेमी' एवढंच.

मुबीनच्या प्रेसवर देऊन आलो. मुबीन आमच्या भागातल्या सगळ्या नाटकमंडळ्यांची पत्रकं छापतो, त्याचीच जीप, तिच्यावरच भोंगा. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगाव मंडई आणि मंडईला नाटक, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. तरी माझ्या शब्दाला मान दिला. वाचून म्हणाला, "मस्त हाय भाऊ. फिकीरच करू नका, तुमचं काम मले समजलं. छापून, वाटून, जीप फिरवून, सगळं माह्यावर." मी म्हटलं, लोक पेटून उठले पाहिजेत. तो म्हणाला, "उठतेच."

असा कामाचा माणूस मिळत नाही आजकाल.

२० ऑक्टोबर, भाऊबीज
कमळाचं लुगडं आलं. तिचा भाऊ नथ्थू मूलला राईस मिलमध्ये आहे, दरवर्षी जीपवाल्याच्या हाती पाठवतो. नथ्थू महाकंजूस. लग्नात मला दिलेलं घड्याळ तिसऱ्या दिवशी बंद पडलं होतं. पण लुगड्याच्या बाबतीत त्याचा हात सैल आणि पसंती फर्स्ट क्लास. यंदा हिरवं, रुंद काठाचं. कमळानं लगेच नेसलं आणि दिवसभर मिरवलं. मी म्हणालो, नथ्थूला बायकांची पसंती बरी कळते. ती हसली.

माणसाला कोणत्या तरी एका गोष्टीत तरी गती असतेच.

२४ ऑक्टोबर
पत्रकं आली. पाच हजार छापली, त्यातली दोनशे माझ्याकडे. लिहायला बसलो आहे पण काय लिहू सुचत नाही.

कागद गुलाबी. वर, जाड अक्षरात: 'एकच दिवस! एकच दिवस! एकच दिवस!' मग माझा मजकूर, पण 'नागपूरहून दसरूबाई येणार!' हे सगळ्यात मोठं, दोन्ही बाजूंना घुंगरू बांधलेली नाचणारी बाई. 'जाहीर निषेध' हे शब्द आहेत. डाव्या कोपऱ्यात, चांदणीच्या आत, भिंग लावून पाहिले तर. 'उघड्या डोळ्यांनी पाहणार काय?' यातला 'काय' आणि प्रश्नचिन्ह उडालं आहे. तळाला: 'स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. सहकुटुंब या.'

मुबीनकडे धावत गेलो. तो शांत. म्हणाला, कम्प्युटरात साचा एकच हाय, नाटकाचा, वीस वर्षांत कोणाची तक्रार नाई. 'काय' जागेत बसत नव्हतं म्हणून काढलं. आणि बायाईची व्यवस्था नाई लिवली त लोकं बायकांले आणत नाईत, गर्दी होत नाई. मग मला समजावलं, "निषेध कोण पाह्याले येते भाऊ? लोकं दसरूबाईले पाह्याले येतीन."

चार हजार आठशे कालच मंडयांमध्ये वाटून झाली आहेत.

संकल्प क्रमांक तीन: मोडला. मुबीननं पाणी दिलं.

२६ ऑक्टोबर
जीप आज आमच्या गल्लीतून गेली. भोंग्यावर बिरजू. तो वर्षभर नाटकं पुकारतो, त्याच्या घशातून दुसरा सूर निघतच नाही. "माय-बाप रसिकहो! येत आहे... येत आहे... येत आहे! तुमची लाडकी... दसरूबाई!" लाडकी हा शब्द माझ्या मजकुरात नव्हता. कमळा दारात उभी राहून पूर्ण ऐकत होती. मी आत रेडिओ मोठा केला.

ती आत आली आणि विचारलं, "दसरूबाई म्हणजे कोण असन बाप्पा?" मी म्हणालो, असेल कोणी नाचणारी. तिनं रेडिओ बारीक केला. मग भाजी निवडायला बसली.

काही कळलेलं नाही तिला. चेहऱ्यावरून समजतं.

२९ ऑक्टोबर
बाजारात जाणं मुश्कील झालं आहे. सगळ्यांना वाटतं कार्यक्रम मीच ठेवला, कारण किल्ली माझ्याकडे. चौकात चार जणांनी अडवलं: पुढची जागा राखा. किराणावाला म्हणाला, तिकीट नाई म्हणता, मंग मंडळीले खर्च कसा परवडते? गावाकडचा सुकलू, ऐंशीच्या घरातला म्हातारा, दसरूबरोबर दंडारीत ढोलकी वाजवायचा तो, सायकलवर बसून अकरा किलोमीटर आला. गुलाबी कागदाची घडी खिशातून काढली आणि म्हणाला, "गुणवंता, हा आपला दसरूच व्हय ना रे?"

मी म्हणालो, दसरूची तेरवी तुम्ही जेवलात ना? तो म्हणाला, "जेवलो त." आणि खो-खो हसला. दात नाहीत, तरी हसतो.

रंजीताबाईंनी आभार मानले. म्हणाल्या, तुम्ही विरोधात आहात असं वाटलं होतं, आणि स्वतःच्या खर्चानं पत्रकं काढलीत. मंडपवाल्याला त्यांनी आणखी दोनशे खुर्च्या सांगितल्या.

३१ ऑक्टोबर
अंतिम योजना. साधी आणि अचूक. किल्ली एकच आहे. ती घेऊन मी उद्या सकाळी मूलला जातो, नथ्थूकडे. लुगड्याचे आभारही मानायचे आहेत. प्रदर्शन खोलीत, खोलीला कुलूप, अभिरक्षक परगावी. पाहुणे कुलूप बघतील, लोक पटांगणात चिडतील, दुपारी सगळं शांत. कुलूप मीच निवडलं होतं, अलिगढचं, तोडायला लोहार लागतो.

हे मी आधीच का केलं नाही?

तो खरंच आला तर कसा दिसत असेल, हा विचार मनात आला. काढून टाकला.

१ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.४०
बसस्टँडवर. पहाटे उठून चालत आलो, दीड किलोमीटर. संकल्प एकमधून दीड वजा. मन हलकं आहे. मूलच्या जीपमध्ये मी एकटाच. ड्रायव्हर म्हणतो, आज तिकडून सगळे इकडे येतात, इकडून कोणी जात नाई. का येतात विचारलं नाही.

सकाळी ९.१५, मूल
हे घाईत लिहितो आहे. नथ्थूच्या दारात जीप उभी. नथ्थू, त्याची बायको, सून, शेजारच्या चार बाया, सगळे नटूनथटून. नथ्थूच्या हातात गुलाबी कागद. मला पाहून म्हणाला, "जवाई! तुमी आमाले न्यायले आले का? कायले तकलीफ घेतली!" मी म्हणालो, लुगड्याबद्दल आभार मानायला आलो. तो म्हणाला, कोणतं लुगडं?

दरवर्षीचं, मी म्हणालो. भाऊबीजेचं.

नथ्थू बायकोकडे पाहू लागला. बायको म्हणाली, "अवो, हे त एक पैशाची चिंधी नाई देत कोणाले. कमळाताईले दसरूबाई पाठवते ना. तीस वर्षं होऊन राह्यली. आमाले वाटे तुमाले मालूम हाय."

जीपमध्ये बसवलं मला. मधल्या सीटवर, दोन बायांच्या मध्ये. किल्ली खिशात टोचते आहे.

संध्याकाळी ६, संग्रहालय
सगळे गेले. लिहून घेतो, क्रमानं.

साडेअकराला पोचलो. पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. मोर्चा कोणी आणलेला नाही, सगळे सहकुटुंब. कुलपाभोवती रंजीताबाई, अध्यक्ष आणि हातोडा घेतलेला लोहार. मला पाहून टाळ्या वाजल्या: किल्ली आली. नथ्थूनं माझ्या खिशातून काढून दिली. अशा रीतीनं प्रदर्शनाचं उद्घाटन माझ्या किल्लीनं झालं. अध्यक्षांनी भाषणात माझी तत्परता हा शब्द वापरला.

एक जण मात्र मागून ओरडला, की हे असले थेर संग्रहालयात कायले? दोन पोरांनी शिट्टी मारली, एकानं घाणेरडा शब्द वापरला. मला वाटलं होतं त्या क्षणी बरं वाटेल. मानेवर चटका बसावा तसं झालं. का, ते लिहिता येत नाही. बायांनीच त्यांना गप्प केलं. आमाले दिसून राह्यलं नाई, खाली बसा म्हणाल्या.

मग दसरू आला. पांढरे केस, मागे अंबाडा, साधं सुती लुगडं, चष्मा. आमच्या आईसारखा दिसतो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. चालताना डावा खांदा पडतो, तोही आईचाच.

नाचला नाही. बसून बोलला. लुगडं नेसल्यावर आपण आपले वाटायचो आणि सोडल्यावर उसने, असं काहीतरी. नागपुरात रेल्वेत मागून खाल्लं ते. पोलिसांनी मारलं ते. ज्यांच्याबरोबर राहिला त्यातली अकरा जणं आजारानं गेली ते. लोक हलले नाहीत. नाटक बघायला आलेली माणसं दीड तास गप्प बसून ऐकत होती. मी व्हरांड्याच्या खांबामागे.

मग उठून व्हरांड्यात आणून ठेवलेल्या सत्तेचाळीस नंबरजवळ गेला आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. जन्म १९४६, मृत्यू १९७४. म्हणाला, "अक्षर ओळखीचं हाय. लहानपणी माह्या पाटीवर हाच लिवून दे. नाव नाई सांगत त्याचं. त्याचंबी लगन व्हायचं होतं." पुढे म्हणाला, "माही तेरवी मोठी केली म्हणते. वडे होते म्हणे. मलेच नाई भेटले."

लोक हसले. सुकलू पुढच्या रांगेतून ओरडला, "वडे मस्त होते बाप्पा! म्हणून त गावात कोणी काई बोललं नाई. नाईतर मालूम कोणाले नव्हतं?" आणि अख्खं पटांगण वळून माझ्या खांबाकडे पाहू लागलं. पस्तीस वर्षं जपलेलं गुपित फक्त मीच जपत होतो.

मी तयार होतो. आता तो मला पुढं बोलावणार. मनात भाषणंही तयार झाली होती. एक रागाचं, एक दुसरं. दुसरं जास्त चांगलं जमलं होतं.

त्यानं बोलावलं नाही. खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. चिठ्ठीवरून एकदा बोट फिरवलं, मग लोकांना नमस्कार केला आणि खाली बसला.

संपल्यावर कमळा गर्दीतून पुढं आली, हिरवं लुगडं नेसून, त्याचा हात धरून त्याला घेऊन गेली. आमच्या घरी. मला म्हणाली, "येजा." मी म्हणालो, कुलूप लावून येतो. मग खुर्च्या मोजल्या. मंडपवाला मोजतोच, तरी मोजल्या. मग रजिस्टरमध्ये लिहिलं, उपस्थिती ९१४. विक्रम आहे. नंतर बाकावर बसलो.

आता जातो घरी.

संध्याकाळी ७.२०
त्यांची गाडी पाचलाच गेली. कमळानं वडे केले होते. ताटावर ताट झाकून ठेवलं आहे, हे माझं. म्हणाली, "दीड घंटा वाट पाह्यली त्यानं. दर आवाजाले दरवाज्याकडे पाहे." मग तिनं सांगितलं, १९७८ साली तो पहिल्यांदा आला होता, मी दौऱ्यावर असताना, दारात उभा राहून म्हणाला होता, वहिनी, मी मेलेला दीर. तेव्हापासून तिला माहीत आहे. मला का सांगितलं नाही, विचारलं. ती म्हणाली, "तुमी मले सांगतलं होतं का?"

वडे खाल्ले नाहीत. भूक नव्हती.

२ नोव्हेंबर, सोमवार
पहाटे उठून संग्रहालयात गेलो. सोबत ब्लेड, डिंक आणि नवी चिठ्ठी, रात्री चार वेळा लिहून पाचवी बरी आलेली: 'दसरूबाई दोनाडकर. जन्म १९४६. दंडार कलावंत. अभिरक्षकाची' एवढं, आणि मग जागा सोडली आहे. बहीण लिहायचं होतं. डोळ्यांसमोर अक्षर हललं म्हणून थांबलो.

ब्लेड लावणार तोच रंजीताबाई आल्या, खुर्च्यांचा हिशेब करायला. काय करता भाऊ, विचारलं. मी म्हणालो, चूक दुरुस्त करतो, या व्यक्ती वारलेल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. नियम सात. मी म्हणालो, नियम मीच केला आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच. वाघासाठी अध्यक्षांनाही नाही म्हणालात. मग जरा हळू म्हणाल्या, शिवाय दसरूबाई काल जाताना सांगून गेल्या, ती चिठ्ठी काढू नका म्हणून. मी म्हणालो, काय म्हणाली नेमकं? तर म्हणे, "राहू द्या तशीच. भाऊच्या हातचं तेवढंच हाय माह्याजवळ."

ब्लेड खिशात टाकलं. नवी चिठ्ठी या पानात ठेवली आहे.

घरी येऊन कमळाला म्हणालो, नागपूरचा फोन नंबर दे. तुझ्याकडे असेलच.

ती चुलीपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "तेरवी झालेल्या माणसाले फोन लागते का?" आणि चहाचा कप समोर ठेवून मागच्या अंगणात गेली.

चहात साखर नव्हती. पिऊन टाकला.